कढीपत्त्यावर कॉमन रोज निघत नाही

प्रश्न थोडक्यात असा. गच्चीवरच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या, त्या उचलून जाळीत वाढवल्या. लहानपणी सगळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत होत्या, नंतर सगळ्या हिरव्या झाल्या, कोषही साधारण एकसारखेच. पण बाहेर आली तीन तऱ्हेची फुलपाखरं. एक काळं-पिवळं ठिपकेदार, बिनशेपटीचं. दुसरं काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ आणि शेपटी. तिसरंही काळं आणि शेपटीचं, पण मागच्या पंखात मध्ये पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. मोबाइलमधल्या अ‍ॅपनं तिसऱ्याला ‘कॉमन रोज’ ठरवलं. ही एकाच जातीची नर-मादी म्हणायची का? शिवाय रुईवरच्या पट्टेरी अळ्या, घोळीवरून निघालेलं नारिंगी फुलपाखरू, पोखरलेली पानफुटी, आणि एका कोषातून फुलपाखराऐवजी निघालेल्या माश्या, यांबद्दलही विचारलं आहे. सोबत चार फोटो आहेत.

तर सरळ उत्तर आधी. पहिलं लाइम बटरफ्लाय. दुसरं कॉमन मॉरमॉन, नर. तिसरंही कॉमन मॉरमॉनच, पण मादी. म्हणजे जाती दोनच. अ‍ॅप चुकलं, आणि ते का चुकलं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण घरी अळी वाढवणाऱ्याच्या हातात असा एक पुरावा असतो जो उडतं फुलपाखरू टिपणाऱ्याकडे नसतो. तो म्हणजे झाड. अळी कुठलं पान खाऊन मोठी झाली हे तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे.

कॉमन रोजची अळी वाढते ती ईश्वरी म्हणजे सापसंदच्या कुळातल्या वेलींवर. कढीपत्ता, लिंबू, बेल ही तिची झाडंच नाहीत. तिच्यापुढे कढीपत्ता टाकलात तरी ती उपाशी मरेल. त्यामुळे कढीपत्त्यावरच्या अळीतून हुबेहूब कॉमन रोज दिसणारं काही निघालं, तर ते दुसऱ्याचंच सोंग असणार. अ‍ॅपला हे कळायला मार्ग नाही. त्यानं फक्त पंखावरचे रंग पाहिले, आणि नेमके ते रंगच फसवण्यासाठी असतात. ईश्वरीतली विषारी द्रव्यं अळीच्या अंगात साठतात आणि फुलपाखरातही उतरतात, म्हणून पक्षी कॉमन रोजच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉरमॉन बेचव वगैरे काही नसतं, पण त्याच्या काही माद्या त्या लाल-पांढऱ्या नक्षीचा फायदा उठवतात.

काही माद्या म्हणालो, सगळ्या नाहीत. आपल्याकडे कॉमन मॉरमॉनची मादी तीन रूपांत दिसते. एक रूप थेट नरासारखं, त्याला सायरस म्हणतात. फरक पाहायचाच तर मागच्या पंखाच्या आतल्या टोकाशी लाल चंद्रकोर सहसा जास्त ठळक असते. दुसरं स्टिकियस, कॉमन रोजची नक्कल करणारं. तुमच्या जाळीतलं हेच. तिसरं रोम्युलस, ते क्रिमसन रोजची नक्कल करतं. नर मात्र एकाच तऱ्हेचा. एकाच मादीनं घातलेल्या अंड्यांतून नर, सायरस आणि स्टिकियस असे तिन्ही निघू शकतात. मादीनं कुठलं रूप घ्यायचं हे डबलसेक्स नावाच्या एका जनुकावर ठरतं, असं कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं. हे प्रयोगशाळेतलं काम झालं, पण त्याची झलक कढीपत्त्याची एक कुंडी असलेल्या कुणालाही घरी बघता येते.

झाड माहीत नसेल, बागेत नुसतं उडताना दिसलं असेल, तर अंगाकडे बघायचं. पंखाकडे नंतर. कॉमन रोज आणि क्रिमसन रोजचं डोकं आणि पोट लाल असतं, दुरूनही कळतं. मॉरमॉनच्या मादीनं पंखांची नक्कल कितीही बेमालूम केली तरी तिचं अंग काळंच राहतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत पोट स्पष्ट दिसतंय, काळं आहे. फुलपाखरं टिपताना बहुतेक जण पंख उघडायची वाट बघतात आणि पोट फोकसबाहेर जातं. या दोघांच्या बाबतीत तेच नडतं.

आता अळ्यांकडे. लाइम आणि कॉमन मॉरमॉन दोघांच्या अळ्या पाच टप्प्यांतून जातात. पहिल्या चार टप्प्यांत तपकिरी-पांढऱ्या, ओलसर चमक असलेल्या, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. चौथी कात टाकली की हिरव्या, अंगावर तिरके-आडवे पट्टे, आणि पुढे फुगीर भागावर डोळ्यांसारखे ठिपके. ते खरे डोळे नव्हेत. खरं डोकं त्याखाली दडलेलं असतं. डिवचलं की डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा लालसर मांसल अवयव बाहेर येतो आणि आंबूस उग्र वास सुटतो. एकदा बघा, पण मुलांना दाखवायचं म्हणून दर तासाला करू नका.

या दोघांच्या हिरव्या अळ्यांमध्ये पट्ट्यांचा फरक असतो, पण तो अळीगणिक इतका कमी-जास्त होतो की नुसत्या त्यावर नाव ठोकू नये असं माझं मत आहे. त्यात बाग मोठी असेल, शेजारी पपनस किंवा माकडलिंबू असेल, तर ब्लू मॉरमॉनही त्याच रांगेत येऊन बसतं. हे आपलं राज्य फुलपाखरू, नीलवंत. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं जाहीर केलं. त्याचीही अळी लहानपणी विष्ठेसारखीच आणि मोठेपणी हिरवीच. पूर्ण वाढलेली अळी बरीच दांडगी दिसते एवढं खरं, पण शेजारी तुलनेला दुसरी नसेल तर दांडगी म्हणजे किती, हे कशावरून ठरवणार? म्हणून फोटोखाली ‘आलेख कागद’ ठेवायची सवय लावा. शाळेच्या वहीतला चौकटीचा कागदही चालतो.

कोषाचा रंग बघून जात ठरवू नका. एक कोष हिरवा, दुसरा तपकिरी, म्हणून जाती दोन, असा निष्कर्ष बरेच जण काढतात. अळी हिरव्या कोवळ्या काडीवर कोषात गेली तर कोष बहुधा हिरवा होतो, खरबरीत वाळक्या काडीवर किंवा जाळीच्या लाकडी चौकटीवर गेली तर बहुधा तपकिरी. जात तीच असते. कोषाची ठेवण थोडी जास्त भरवशाची. बाजूनं पाहिलं तर मॉरमॉनचा कोष काडीपासून मागे जास्त वाकलेला दिसतो, लाइमचा त्या मानानं सरळ. म्हणून कोषाचा फोटो समोरून नको, बाजूनं हवा.

घरी वाढवणाऱ्यांना मी एकच शिस्त सांगतो: अळी उचलली त्या क्षणी झाडाचं नाव, तारीख आणि जागा लिहा. डबीवर चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलं तरी पुरे. दोन झाडांवरच्या अळ्या एका जाळीत टाकल्या की पुरावा गेला. तुम्ही कढीपत्ता आणि लिंबाच्या अळ्या एकत्र ठेवल्या आहेत, ते या वेळी खपून गेलं कारण दोन्ही एकाच कुळातली झाडं. पण रुईवरची आणि घोळीवरची एकत्र केली असतीत तर पुढचा सगळा गुंता सुटलाच नसता.

कारण तो गुंता याच जातकुळीचा आहे. रुईवरच्या तुमच्या अळ्या म्हणजे प्लेन टायगर. काळे-पांढरे आडवे पट्टे, मध्ये पिवळे ठिपके, आणि पाठीवर काळ्या मांसल शेंड्यांच्या तीन जोड्या. त्या शेंड्या मोजा, फोटो काढतानाही तिन्ही जोड्या दिसतील असा काढा. याच गोतावळ्यातल्या इतरांच्या जोड्या वेगळ्या असतात. कण्हेरीवर किंवा वड-उंबरावर सापडणाऱ्या कॉमन क्रोच्या अळीला चार जोड्या, हरणदोडीवरच्या ब्लू टायगरला दोनच. स्ट्राइप्ड टायगरला मात्र प्लेन टायगरसारख्याच तीन, तेव्हा तिथे पुन्हा झाड आणि अंगावरची नक्षी दोन्ही लागतात. क्रोचा कोष तर एकदा पाहिला की विसरायचा नाही, पॉलिश केलेल्या चांदीसारखा चकाकतो. प्लेन टायगरचा कोष फिकट हिरवा किंवा गुलाबीसर असतो, त्यावर सोनेरी टिकल्या. दोन्ही उलटे लटकतात. लिंबावरच्यांसारखा कमरेला रेशमी दोरा बांधून डोकं वर करून बसण्याचा प्रकार इथे नाही.

आणि घोळीवरून निघालेलं नारिंगी फुलपाखरू, ज्याला तुम्ही प्लेन टायगर म्हटलंय, ती प्लेन टायगरची नक्कल करणारी डॅनाइड एगफ्लायची मादी आहे. प्लेन टायगर घोळ खात नाही. तुमच्या वर्णनात अळी ‘काळपट, काटेरी’ होती, तिथेच निकाल लागला होता. प्लेन टायगरची अळी गुळगुळीत असते, काटे नसतात. फुलपाखरू समोर असेल तर मागचा पंख उघडा असताना बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. त्या चौथ्या ठिपक्यात नराची गंधपिशवी असते. डॅनाइड एगफ्लायच्या मादीला तिथे मधले ठिपके नसतात, वरच्या कडेला एकच काळा डाग. फोटो एक मध्ये मला एकच दिसतोय. त्याच घोळीवरच्या दुसऱ्या कोषातून काळंभोर, मोठे पांढरे डाग आणि त्यांना जांभळी-निळी झाक असलेलं फुलपाखरू निघालं, तर ‘हे कुठून आलं’ म्हणून गोंधळू नका. तो याच मादीचा नर.

म्हणजे तुमच्या एका गच्चीवर नक्कलेच्या दोन जोड्या आहेत, आणि दोन्ही ठिकाणी झाडानंच निकाल दिला. अ‍ॅप वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. पण अ‍ॅपनं दिलेलं नाव हे गृहीतक समजा आणि लगेच विचारा, की या जातीची अळी हेच पान खाते का? उत्तर नाही आलं की थांबायचं.

पानफुटीचं प्रकरण मजेशीर आहे. तुम्ही लिहिता की पानं आतून पोकळ होतात, पण अळी कुठे दिसत नाही, बहुतेक गोगलगाय असावी. गोगलगाय नव्हे. पान उजेडासमोर धरा. पानफुटीचं पान जाड, मांसल असतं, आणि दोन सालींच्या मध्ये एक फिकट पांढुरकी, बारीक लव असलेली अळी आतला गर खात पुढे सरकताना दिसेल. मागे गडद विष्ठेचे दाणे साचलेले असतात आणि पानाचा तेवढा भाग कागदासारखा पारदर्शक होतो. ही रेड पिएरोची अळी. एक पान संपलं की भोक पाडून बाहेर येते, चालत दुसऱ्या पानापर्यंत जाते आणि पुन्हा आत शिरते. तेवढ्या प्रवासातच ती उघड्यावर सापडायची. कोष बहुधा त्याच झाडाच्या पानावर. फुलपाखरू लहान, खालून पांढरं, त्यावर काळे ठिपके, मागच्या पंखावर नारिंगी-लाल पट्टा आणि केसासारख्या बारीक शेपट्या. याच्यासारखं दिसणारं दुसरं काही तुमच्या गच्चीवर नसेल, त्यामुळे ओळखीला अडचण नाही. फ्लॅटच्या खिडकीत वाढवायला याच्याइतकं सोयीचं फुलपाखरू मला माहीत नाही: एक कुंडी पानफुटी, आणि नर्सरीतला शोभेचा कलांचोही चालतो.

लहान निळ्या फुलपाखरांचं बोलायचं तर सायकसच्या नव्या कोवळ्या पानांचा फडशा पाडणारं प्लेन्स क्युपिड तुमच्याकडे येणारच, कारण मागे सायकस दिसतोय. नवी पालवी फुटली की मादी येते, आणि अळ्यांभोवती मुंग्या दिसतात. मुंग्या अळ्यांना खायला आलेल्या नसतात. अळी पाठीवरून गोड द्राव देते, त्या बदल्यात मुंग्या राखण करतात. म्हणून मुंग्यांची पावडर टाकू नका. सायकस सुंदर ठेवायचा की फुलपाखरू बघायचं हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल. मालक सायकसच्या बाजूनं असतील तर त्यांना दोष देता येत नाही, नवी पानं वर्षातून मोजक्याच वेळा येतात.

बागेतली बाकी झाडं तुम्ही यादीत दिली आहेत, त्यावर धावती नजर टाकतो. सोसायटीच्या फाटकाशी ज्याला सगळे अशोक म्हणतात, तो उंच सुळका आसुपालव, त्यावर आणि सोनचाफ्यावर टेल्ड जे. अळी छातीशी फुगलेली, शेपटीकडे निमुळती. काळ्यावर हिरवे ठिपके असलेलं हे फुलपाखरू मध पितानाही पंख फडफडवत राहतं, त्यामुळे फोटो धूसर येतो. धूसर आला म्हणून टाकून देऊ नका, ती फडफड हीसुद्धा ओळख आहे. आंब्यावर कॉमन बॅरन. हळदीच्या किंवा सोनटक्क्याच्या पानाची सुरळी झालेली दिसली तर आत ग्रास डेमन. एरंडावर कॉमन कॅस्टर. कृष्णकमळावर टॉनी कॉस्टर, त्याच्या अळ्याही काटेरी असतात पण त्या तांबूस. टाकळा, बहावा यांवर पिवळी मंडळी, म्हणजे एमिग्रंट आणि ग्रास यलो.

यांतल्या आंब्यावरच्या बॅरनपाशी जरा थांबतो, कारण ती अळी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हिरवी, अंगाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लांब आडवे काटे, पाठीवरून एक फिकट पिवळी रेघ. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की पाठीवरची रेघ आणि पानाची शीर एक होऊन जाते, आणि बाजूचे काटे पानावर सपाट टेकल्यामुळे सावलीच पडत नाही. हात लावून शोधायची नाही, पान खालून उजेडात बघायचं. सावलीचा आकार दिसतो. कोष हिरवा, तिकोनी, लटकता.

एमिग्रंटच्या बाबतीत एक सूचना. कॉमन एमिग्रंट एकाच झाडावरून इतक्या वेगवेगळ्या छटांत निघतं की लोक तीन-चार जाती लिहून मोकळे होतात. मिशा बघा: एका रूपाच्या मिशा तांबूस, दुसऱ्याच्या काळ्या. दोन्ही कॉमन एमिग्रंटच. तीच गोष्ट ऋतूंची. संध्याकाळी ट्यूबलाइटकडे घरात शिरणारं कॉमन इव्हनिंग ब्राउन पावसाळ्यात निघालं तर पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखी वर्तुळं ठळक असतात. कोरड्या दिवसांत निघालं तर वर्तुळं जवळपास नाहीशी आणि पंख वाळक्या पानासारखा. पीकॉक पॅन्सीचंही तसंच. म्हणून नोंदीत तारीख हवी. तारखेविना त्या दोन फोटोंवरून कुणीही दोन जाती सांगेल.

आता कोषातून निघालेल्या माश्या. तुम्ही म्हणता, टायगरच्या कोषातून पांढरट दोरे लोंबू लागले आणि खाली तपकिरी, तांदळाएवढ्या कुप्या पडल्या. त्या टॅकिनिड माशीच्या. माशीची पिलं अळीच्या आत वाढतात, अळी कोषात जाते, मग ती बाहेर पडून दोऱ्यावरून खाली उतरतात. कोषाला एकच बारीक गोल भोक पडून त्यातून पुष्कळ इवल्या गांधीलमाश्या निघाल्या तर ते वेगळ्या परजीवीचं काम. अळीच्या अंगाला किंवा शेजारी पांढरे-पिवळे कापसासारखे कोष चिकटलेले दिसले तर तिसऱ्याचं. हे रोग नव्हेत, बागेतलाच व्यवहार आहे. यांच्या नोंदी फुलपाखरांच्या नोंदींइतक्याच मोलाच्या, आणि फार कमी लोक ठेवतात. ती माशी डबीत अडकवून फोटो काढा, कुठल्या अळीतून निघाली तेही लिहा. परजीवी टाळायचे असतील तर अळी नको, अंडंच उचला. लाइमचं अंडं कोवळ्या पानावर एकेकटं, पिवळसर, गोल आणि गुळगुळीत. प्लेन टायगरचं पांढरट, उभट, उभ्या रेघांचं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेतलंत तर फरक सहज दिसतो. काळं पडलेलं अंडं मात्र उचलू नका. ते बरेचदा आधीच कुणाचं तरी झालेलं असतं, किंवा अळी बाहेर येण्याच्या बेतात असते.

कोष काळा पडला म्हणून टाकून द्यायचा का, हाही तुमचा प्रश्न आहे. घाई करू नका. फुलपाखरू निघायच्या आदल्या दिवशी कोषाचं कवच पारदर्शक होतं आणि आतले पंख दिसू लागतात. प्लेन टायगरमध्ये नारिंगी पंख आणि काळी टोकं चक्क बाहेरून ओळखता येतात. असा कोष घट्ट असतो, त्याला वास येत नाही. याउलट कोष मऊ पडला, पाझरू लागला, घाण वास आला, तर तो रोगानं गेला. तो जाळीबाहेर काढा, जाळी साबणानं धुऊन उन्हात वाळवा आणि मगच दुसरी अळी ठेवा. लाइमसारख्यांचा कोष थंडीत नेहमीपेक्षा जास्त दिवस तसाच राहू शकतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिन्याभरात सगळं आटोपतं, त्या हिशेबानं हिवाळ्यातला कोष मेला असं समजून फेकू नका.

जाळीबद्दल थोडं. ताटावर झाकायची जाळी उत्तम चालते, फक्त आत एक खडबडीत काडी उभी ठेवा, म्हणजे अळीला कोषासाठी जागा आणि फुलपाखराला पंख सुकवताना लटकायला आधार मिळतो. काचेच्या बरणीत हेच होत नाही. फुलपाखरू घसरून पडतं आणि पंख दुमडलेले राहतात, मग ओळखही पटत नाही आणि ते उडतही नाही. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवणार असाल तर तोंडाशी कापसाचा बोळा घाला, नाहीतर अळ्या सरळ पाण्यात उतरतात. बाजारातला कढीपत्ता धुऊनही देऊ नका, त्यावर फवारणी असते. नर्सरीतून नवीन आणलेलं रोपही तसंच. त्यावरची जुनी पानं झडून नवी फुटेपर्यंत थांबा. ज्या खोलीत जाळी आहे तिथे डासांचं मशीन लावायचं नाही, त्यातलं औषध कीटकांसाठीच असतं. रुईची पानं तोडताना चीक डोळ्यात जाणार नाही हे बघा. आणि अळी अचानक खाणं सोडून जाळीभर धावत सुटली, पातळ शी केली, तर आजारी पडली असं समजू नका; ती कोषाला जागा शोधतेय.

शेवग्याच्या खोडावर झुबक्यानं बसलेले केसाळ सुरवंट, जे तुमच्या शेजारणीला अंगाला लागून खाज सुटली, ते फुलपाखराचे नाहीत, पतंगाचे. त्यांना हातानं उचलू नका. तगरीवरची जाडजूड हिरवी अळी, डोक्याकडे दोन निळे डोळे आणि शेवटी आखूड शिंग, तीही पतंगाचीच, ओलिअँडर हॉक मॉथ. ती कण्हेरीवरही येते. कण्हेरीवर अळी दिसली की आधी शिंग कुठे आहे बघायचं: फक्त शेवटी एक असेल तर हॉक मॉथ, पाठीवर जोड्यांनी असतील तर क्रो. हॉक मॉथ वाढवायचं असेल तर डब्यात तळाला माती आणि पालापाचोळा ठेवा, ते काडीवर कोष करत नाही.

प्रत्येक अळीचे निदान सहा फोटो ठेवा: अंडं किंवा लहान अळी, पूर्ण वाढलेली अळी बाजूनं आणि पाठीवरून, कोष बाजूनं, फुलपाखरू पंख मिटलेलं आणि तेच पंख उघडलेलं. फुलपाखरू निघून गेल्यावर रिकामं कवच फेकू नका. आगपेटीत कापसावर ठेवा, वर झाड आणि तारीख लिहा. पुढे शंका आली तर त्यावरूनही बरंच कळतं. आपण वाढवलेलं फुलपाखरू टाचणी लावून ठेवायची हौस मात्र नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत बरीच फुलपाखरं आहेत, आणि ओळखीला फोटो पुरतो. नोंदी आणि फोटो ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर देता येतात. तिथे अळी आणि कोषाचे फोटो असलेल्या नोंदींना जास्त किंमत आहे, कारण उडत्या फुलपाखरांचे फोटो सगळेच काढतात. या कामाला ऑगस्ट ते नोव्हेंबर हे महिने सर्वांत चांगले.

सोडायचं कधी, हे तुम्ही शेवटी विचारलं आहे. फुलपाखरं बहुधा सकाळी निघतात. पंख पूर्ण ताठ होऊन ते एकदोनदा उघडझाप करू लागलं की जाळी उघडा, ज्या झाडावरून आणलं त्याच्या जवळ सोडा. खाली जो तांबूस थेंब पडतो तो रक्त नव्हे, कोषातला मळ. पाऊस असेल किंवा संध्याकाळ झाली असेल तर रात्रभर जाळीत राहू द्या, साखरपाणी पाजायच्या भानगडीत पडू नका, एक रात्र ते बिनखाण्याचं राहतं.

चौथ्या फोटोतल्या लहान निळ्या फुलपाखराचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. फोटोत फक्त पंखांची वरची बाजू आहे, आणि या निळ्यांमध्ये वरून सगळे भाऊ-भाऊ असतात. ते आंबुशीच्या वाफ्यावर होतं की सायकसवर, एवढं आधी सांगा. पुन्हा दिसलं तर पंख मिटून बसेपर्यंत थांबून खालची बाजू टिपा, आणि तो फोटो पाठवा.